व्होल्टेज आणि करंट मोजून रोध आणि वॅट कसे काढायचे

एक छोटा हीटर दुरुस्तीसाठी हातात आला होता. १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा, अंगावर ४८ वॅट छापलेलं. तक्रार एवढीच की पूर्वीसारखा तापत नाही. मी बॅटरीच्या दोन टोकांवर मल्टिमीटर (पुढे नुसता मीटर) लावला: १२.४ व्होल्ट. मधल्या तारेत करंट मोजला: ३.१ अँपिअर. भागाकार केला, रोध आला ४ ओहम. ४८ वॅटच्या हिशेबाने तो ३ ओहम असायला हवा होता. म्हणजे कॉइल गेली, असं ठरवून कॉइल बदलली. नव्या कॉइलवरही तेच आकडे आले.

भागाकार बरोबर होता. पण व्होल्टेज मी बॅटरीचं घेतलं होतं आणि रोध काढत होतो कॉइलचा. प्रोब, म्हणजे मीटरच्या तारांची टोकदार टोकं, उचलून थेट कॉइलच्या दोन टोकांवर टेकवले, तेव्हा मीटरवर ९.३ व्होल्ट दिसले. ९.३ भागिले ३.१ म्हणजे बरोबर ३ ओहम. कॉइल ठणठणीत होती. हरवलेले ३.१ व्होल्ट स्विचमध्ये सापडले. आतली पितळी पट्टी जिथे टेकते तिथे काळवंडली होती आणि त्या जागी १ ओहमचा रोध तयार झाला होता. ३.१ व्होल्ट गुणिले ३.१ अँपिअर, म्हणजे साडेनऊ वॅटहून जास्त उष्णता त्या ज्वारीच्या दाण्याएवढ्या डागावर निघत होती. स्विचला बोट लावलं तर चटका बसत होता.

तेव्हापासून सूत्र लावण्याआधी मी दोन प्रश्न विचारतो. हे व्होल्टेज कोणाच्या दोन टोकांमधलं आहे? आणि हा करंट कोणातून जातो आहे? दोन्हींचं उत्तर एकच वस्तू असेल, आणि दोन्ही आकडे एकाच वेळचे असतील, तरच पुढचं गणित करण्यात अर्थ आहे. खाली जे काही लिहिलं आहे ते या दोन प्रश्नांना धरूनच आहे.

सूत्रं दोनच

रोध = व्होल्टेज ÷ करंट
शक्ती = व्होल्टेज × करंट

व्होल्टेज व्होल्टमध्ये आणि करंट अँपिअरमध्ये टाकला की रोध ओहममध्ये आणि शक्ती वॅटमध्ये मिळते. शाळेच्या पुस्तकात यांनाच विभवांतर, विद्युतधारा, विद्युतरोध आणि विद्युतशक्ती म्हणतात. मीटर घेऊन काम करणारे व्होल्टेज, करंट, रेझिस्टन्स आणि वॅट म्हणतात. मी दोन्हींची सरमिसळ करणार आहे.

सूत्र पाठ करण्यापेक्षा एककांकडे बघितलं तर ते आपोआप लक्षात राहतं. एक व्होल्ट म्हणजे एक कूलोम विद्युतप्रभारामागे एक जूल ऊर्जा. एक अँपिअर म्हणजे सेकंदाला एक कूलोम प्रभार. दोन्ही गुणले की कूलोम निघून जातो आणि सेकंदाला किती जूल एवढंच उरतं, तोच वॅट. रोधाचं उत्तरही असंच वाचायचं: ४ ओहम म्हणजे या वस्तूतून एक अँपिअर जाऊ द्यायचा असेल तर टोकांमध्ये ४ व्होल्ट ठेवावे लागतात.

या दोन सूत्रांत एक फरक आहे आणि तो पुष्कळदा सांगायचा राहून जातो. शक्तीचं सूत्र त्या क्षणी कुठल्याही वस्तूला लागू पडतं, मग ती कॉइल असो, बल्ब असो, मोटर असो की चार्ज होणारी बॅटरी. रोधाचं तसं नाही. भागाकार कधीही करता येतो, पण आलेला आकडा दुसऱ्या व्होल्टेजलाही तोच राहील याची हमी सूत्र देत नाही. तो तसाच राहतो असे पदार्थ असतात, तापमान स्थिर असेल तर धातू तसे वागतात, आणि हाच ओहमचा नियम.

गेऑर्ग सिमॉन ओहम हा जर्मन शिक्षक. त्याचं पुस्तक १८२७ साली आलं. त्याची खरी अडचण सूत्राची नव्हती, मोजणीची होती. त्या काळचे सेल करंट घेतला की ढेपाळायचे, त्यामुळे एक आकडा टिपून दुसरा टिपेपर्यंत पहिला बदललेला असायचा. शेवटी त्याने बिस्मथ आणि तांब्याचा जोड वापरला. जोडाचं एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरं बर्फात. तापमानाचा फरक कायम, म्हणून व्होल्टेज कायम. व्होल्टेज अगदी थोडं मिळे, पण ते हलत नसे, आणि नियम त्या न हलणाऱ्या आकड्यांतून निघाला. आजही दोन आकडे टिपताना स्रोत स्थिर आहे ना, हे आधी बघायचं.

मीटर लावताना

व्होल्टेज मोजताना सर्किट तोडायचं नसतं. काळा प्रोब सीओएम (COM, दोन्ही मोजण्यांना सामाईक) लिहिलेल्या भोकात, लाल प्रोब व्होल्टच्या भोकात, आणि दोन्ही टोकं ज्या वस्तूचं व्होल्टेज हवं आहे तिच्या दोन बाजूंना. वस्तू चालू असली पाहिजे. बंद वस्तूच्या टोकांचं व्होल्टेज मोजून इथे काही हाती लागत नाही.

करंट मोजताना मात्र सर्किट तोडावं लागतं, कारण करंट मीटरच्या आतून जायला हवा. वीज बंद करा. एक तार सोडवा. लाल प्रोब १० अँपिअरच्या भोकात घाला आणि चकतीही अँपिअरवर फिरवा. सुटलेल्या तारेच्या दोन टोकांमध्ये मीटर बसवा, मग वीज चालू करा. अंदाज नसेल तर सुरुवात नेहमी मोठ्या रेंजने करायची. आकडा ०.२ च्या आत दिसला तर पुन्हा वीज बंद करून मिलिअँपिअरच्या भोकात जायचं.

सगळ्यात महागात पडणारी चूक यानंतर होते. करंट मोजून झाला, आता व्होल्टेज बघू म्हणून चकती फिरवली, पण लाल प्रोब अँपिअरच्याच भोकात राहिला. त्या भोकापासून सीओएमपर्यंत आत जवळजवळ सरळ तारच असते. असा मीटर बॅटरीच्या दोन टोकांवर लावला की तो शॉर्टच. बऱ्याच स्वस्त मीटरमध्ये १० अँपिअरच्या वाटेला फ्यूजही नसतो. मी स्वतःला सवय लावून घेतली आहे: करंटचा आकडा कागदावर लिहायच्या आधी लाल प्रोब व्होल्टच्या भोकात परत.

भिंतीतल्या विजेवर वर सांगितलेलं तार सोडवण्याचं काम शिकाऊ माणसाने करू नये, हे मी आग्रहाने सांगतो. तिथे दोन सुरक्षित मार्ग आहेत. एक, सॉकेट आणि प्लगच्या मध्ये लावायचा वॅटमीटर, तो व्होल्ट, अँपिअर, वॅट तिन्ही दाखवतो. दुसरा, चिमट्यासारखा उघडणारा क्लॅम्प मीटर. तो फेज किंवा न्यूट्रल यांपैकी एकाच तारेभोवती लावायचा. दोन्ही तारा एकत्र चिमट्यात घेतल्या तर जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खोडतात आणि मीटर शून्य दाखवतो.

आणि ओहमची रेंज? ती फक्त वीज पूर्ण काढलेल्या, सर्किटमधून निदान एका बाजूने सोडवलेल्या वस्तूसाठी. मीटर तिथे स्वतःच्या बॅटरीतून थोडा करंट सोडून हाच भागाकार करत असतो. वस्तू सर्किटमध्येच असली तर करंटला आजूबाजूच्या वाटाही मिळतात आणि रोध खऱ्यापेक्षा कमी दिसतो.

एक बल्ब, तीन मोजण्या

हात बसण्यासाठी मी एक प्रयोग सुचवतो: १२ व्होल्ट ५ वॅटचा जुन्या धाटणीचा तंतूचा बल्ब आणि व्होल्टेज कमीजास्त करता येणारा डीसी (बॅटरीसारखा एकाच दिशेने करंट देणारा) पुरवठा. दोन मीटर असतील तर फारच छान, म्हणजे दोन्ही आकडे एकाच क्षणी टिपता येतात. व्होल्टेजचा मीटर बल्बच्याच टोकांवर लावायचा, पुरवठ्याच्या टोकांवर नाही.

साधारण असे आकडे येतील. ३ व्होल्टला १९५ मिलिअँपिअर. ६ व्होल्टला २८७. १२ व्होल्टला ४२०.

पहिली जोडी सावकाश सोडवू. १९५ मिलिअँपिअरचे अँपिअर करायला हजाराने भागायचं: ०.१९५. मग ३ ÷ ०.१९५ = १५.४ ओहम. आणि ३ × ०.१९५ = ०.५८५ वॅट. हजाराने भागायचं विसरलं तर ३ ÷ १९५ = ०.०१५४ येतं. ते चुकीचं नाही, फक्त किलोओहममध्ये आहे. हे लक्षात ठेवलं तर लहान सर्किटमध्ये फार सोय होते: व्होल्टला मिलिअँपिअरने भागलं की थेट किलोओहम, व्होल्टला मिलिअँपिअरने गुणलं की थेट मिलिवॅट. दशांशचिन्ह इकडेतिकडे सरकवावंच लागत नाही.

दुसरी जोडी: ६ ÷ ०.२८७ = २०.९ ओहम, शक्ती १.७२ वॅट. तिसरी: १२ ÷ ०.४२ = २८.६ ओहम, शक्ती ५.०४ वॅट.

आता तिन्ही रोध शेजारी ठेवून बघा: १५.४, २०.९, २८.६. बल्ब तोच, तार तीच. व्होल्टेज चौपट केलं तर करंट चौपट व्हायला हवा होता, तो दुपटीच्या थोडाच वर गेला. कारण टंगस्टनचा तंतू तापतो आणि तापलेल्या धातूचा रोध वाढतो. बल्ब काढून, थंड करून ओहमच्या रेंजवर मोजला तर अडीच-तीन ओहमच दिसतील. तो आकडा घेऊन कोणी १२ व्होल्टचे वॅट काढले तर पन्नासच्या आसपास उत्तर येईल आणि ते दहापट चुकीचं असेल. मात्र बटण दाबल्याच्या पहिल्या क्षणी तंतू थंडच असतो, त्यामुळे तेवढ्या क्षणापुरता करंट खरोखरच चार-पाच अँपिअरकडे झेपावतो. तंतूचे बल्ब बहुधा पेटवतानाच का जातात, त्याचं कारण या एका भागाकारात आहे.

हीटरची कॉइल याच्या उलट स्वभावाची. ती नायक्रोमची, म्हणजे निकेल आणि क्रोमियमच्या मिश्रधातूची असते आणि तापली तरी तिचा रोध काही टक्केच हलतो. म्हणून हीटर बंद करून, प्लग काढून पिनांवर ओहम मोजले तरी वॅटचा चांगला अंदाज येतो. बल्बला ही पद्धत चालत नाही. वस्तू कोणती आहे हे न बघता थंड रोधावरून वॅट काढू नयेत.

उरलेली दोन सूत्रं आणि त्यांचा गोंधळ

व्होल्टेज = करंट × रोध हे शक्तीच्या सूत्रात घातलं की आणखी दोन रूपं मिळतात.

शक्ती = करंट × करंट × रोध
शक्ती = व्होल्टेज × व्होल्टेज ÷ रोध

पहिलं रूप उष्णतेच्या नियमाचं आहे. जेम्स प्रेस्कॉट जूलने १८४० च्या सुमारास तारा पाण्यात बुडवून, पाणी किती तापतं ते मोजून ते प्रयोगाने दाखवलं. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट.

इथे हमखास विचारलं जाणारं कोडं असं: पहिल्या रूपात रोध वाढला की शक्ती वाढते, दुसऱ्यात रोध वाढला की शक्ती घटते. मग खरं काय? दोन्ही खरं. प्रश्न असा विचारायचा की रोध बदलताना कायम काय राहिलं. सॉकेटला लावलेल्या वस्तूंना व्होल्टेज तेच मिळतं, म्हणून तिथे कमी रोधाची वस्तू जास्त वॅट घेते. एकामागोमाग एक जोडलेल्या वस्तूंतून करंट तोच जातो, म्हणून तिथे जास्त रोधाची वस्तू जास्त तापते. २३० व्होल्टचे दोन तंतूचे बल्ब घ्या, एक १०० वॅटचा, एक ६० वॅटचा. पूर्ण उजेडात पहिल्याचा रोध ५२९ ओहम, दुसऱ्याचा ८८२. वेगवेगळे लावले तर १०० वॅटचा लख्ख. दोघांना एका माळेत जोडलं तर ६० वॅटचा जास्त उजळतो. हा प्रयोग मुलांना दाखवण्यासारखा आहे, पण मोठ्या माणसाने, सगळे जोड पेटीत नीट बंद करून.

दुसरं रूप लागतं ते अंगावर छापलेले वॅट आणि प्रत्यक्षातले वॅट जुळत नाहीत तेव्हा. समजा हीटरवर २३० व्होल्ट, २००० वॅट लिहिलं आहे. करंट २००० ÷ २३० = ८.७ अँपिअर. रोध २३० × २३० ÷ २००० = २६.४५ ओहम. एखाद्या संध्याकाळी व्होल्टेज १० टक्क्यांनी उतरून २०७ झालं, तर वॅटही १० टक्क्यांनी उतरतील असं वाटतं. हिशेब करा: २०७ × २०७ ÷ २६.४५ = १६२०. म्हणजे १९ टक्के गेले, कारण व्होल्टेजबरोबर करंटही उतरला. पाणी तापायला जवळजवळ सव्वापट वेळ लागतो.

जगात काही देशांत १२० व्होल्ट आहे, काहींत २३०. १२० व्होल्टसाठी बनवलेला १५०० वॅटचा हीटर घेऊ. रोध ९.६ ओहम. तो चुकून २३० व्होल्टला लावला तर शक्ती ५२९०० ÷ ९.६, म्हणजे साडेपाच हजार वॅट आणि करंट २४ अँपिअर. फ्यूज किंवा एमसीबी वेळेत पडला तरच तो हीटर वाचतो. उलट २३० चा हीटर ११५ व्होल्टवर लावला तर व्होल्टेज निम्मं पण वॅट पाव.

तारेचा आणि जोडाचा रोध

तार म्हणजे शून्य रोध, असं आपण कागदावर धरतो. प्रत्यक्षात १ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेला मीटरमागे सुमारे ०.०१७ ओहम रोध असतो. १.५ चौरस मिलिमीटरची तार १० मीटर लांब न्यायची असेल तर जायची आणि यायची मिळून २० मीटर धरायची, हे पुष्कळजण विसरतात. रोध येतो ०.०१७ × २० ÷ १.५, जवळपास ०.२३ ओहम. १० अँपिअर गेले तर तारेत २.३ व्होल्ट पडतात आणि २३ वॅट उष्णता होते.

२३० व्होल्टच्या हिशेबात २.३ व्होल्ट म्हणजे एक टक्का, कोणाला कळतही नाही. तेच १२ व्होल्टच्या सर्किटमध्ये १९ टक्के. सोलर पॅनेलची किंवा गाडीची वायरिंग जाड का लागते ते इथे दिसतं. वॅट तेवढेच पोचवायचे तर कमी व्होल्टेजला करंट जास्त, आणि तारेतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते.

पण २३ वॅट २० मीटरवर पसरलेले असतात. मीटरभर तारेला सव्वा वॅटही नाही, हाताला कोमट लागेल इतकंच. खरा धोका सैल जोडाचा. प्लगची पिन सॉकेटमध्ये खिळखिळी बसली आहे आणि तिथे ०.२ ओहम तयार झाला आहे, असं धरा. ओहमच्या रेंजवर मीटर हा फरक धड दाखवणारही नाही. १० अँपिअरला तिथे १० × १० × ०.२ = २० वॅट निघतात. छोटं सोल्डरिंग आयर्न तेवढ्याच वॅटवर सोल्डर वितळवतं. पिनेभोवतीचं प्लास्टिक आधी पिवळं, मग तपकिरी होतं, त्याला बारीक फोड येतात, पिनेवरची चकाकी जाऊन निळसर-काळी झाक येते. तापल्याने आतली पट्टी आणखी सैल होते, रोध आणखी वाढतो. असा प्लग दिसला की घासून पुसून परत वापरू नका. प्लग आणि सॉकेट दोन्ही बदला, कारण एक खराब झाला की दुसऱ्यालाही तो खराब करतो.

कमी व्होल्टेजच्या सर्किटमध्ये सैल जोड शोधायची पद्धत सोपी आहे. लोड, म्हणजे करंट घेणारी वस्तू, चालू ठेवायचा, मीटर व्होल्टवर, आणि प्रोब एकाच तारेवर जोडाच्या अलीकडे आणि पलीकडे टेकवायचे. चांगल्या जोडावर काही मिलिव्होल्ट दिसतात. जिथे अर्धा व्होल्ट दिसला, तिथेच थांबायचं. सुरुवातीच्या हीटरचा स्विच मला असाच सापडला.

रेझिस्टर निवडताना दोन्ही सूत्रं लागतात

एलईडी ९ व्होल्टच्या बॅटरीवर पेटवायचा आहे. लाल एलईडी सुमारे २ व्होल्ट घेतो आणि त्याला २० मिलिअँपिअर पुरे. उरलेलं व्होल्टेज झेलायला त्याच्या माळेत रेझिस्टर, म्हणजे ठरावीक रोधाचा छोटा भाग, जोडायचा. त्याच्या वाट्याला ९ उणे २, म्हणजे ७ व्होल्ट. इथे ९ ने भागाकार करणारे खूप असतात. पुन्हा तोच प्रश्न: कोणाच्या टोकांमधलं व्होल्टेज? ७ ÷ ०.०२ = ३५० ओहम. बाजारात ३५० मिळत नाही, ३३० मिळतो आणि ३९० मिळतो. मी वरचा घेतो, ३९०, त्यावरचे ओहम सांगणारे रंगीत पट्टे नारिंगी, पांढरा, तपकिरी. करंट १८ मिलिअँपिअर होईल आणि उजेडातला फरक डोळ्यांना कळणार नाही.

आता शक्ती: ७ व्होल्ट × १८ मिलिअँपिअर = १२६ मिलिवॅट. पाव वॅटचा रेझिस्टर म्हणजे २५० मिलिवॅटचा, तो निम्म्या भारावर आरामात चालतो. निम्मा भार हा मी नेहमी धरतो. तोच एलईडी २४ व्होल्टवर लावायचा झाला तर २२ ÷ ०.०२ = ११०० ओहम आणि २२ × २० = ४४० मिलिवॅट. इथे ओहम बरोबर असलेला पाव वॅटचा रेझिस्टर आधी काळा पडेल, मग जळका वास येईल. १ वॅटचा घ्या.

एलईडीचा स्वतःचा रोध २ ÷ ०.०२ = १०० ओहम, असं म्हणता येईल का? त्या क्षणापुरतं हो. पण त्यावरून ४ व्होल्टला ४० मिलिअँपिअर जाईल असा अंदाज बांधला तर एलईडी हातातून गेला. त्याचा करंट थोड्या व्होल्टेजने एकदम उसळतो. त्याची शक्ती मात्र २ × २० = ४० मिलिवॅट, हे शंभर टक्के बरोबर.

एसीवर काय बदलतं

भिंतीतली वीज एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारी. तिचे २३० व्होल्ट म्हणजे त्या बदलणाऱ्या लाटेचं असं मूल्य, की तेवढ्याच डीसीने तेवढीच उष्णता दिली असती; यालाच आरएमएस म्हणतात. लाटेचा माथा ३२५ व्होल्टपर्यंत जातो. हीटर, इस्त्री, तंतूचा बल्ब यांना वरची सगळी सूत्रं जशीच्या तशी लागतात.

मोटरला तशी लागत नाहीत; शक्तीचं सूत्र दर क्षणाला खरं असतं, पण मीटरवरचे आकडे एका क्षणाचे नसतात. पंख्याला २३० व्होल्टवर ०.४ अँपिअर जातो असं क्लॅम्प मीटरने दाखवलं, तर गुणाकार ९२ येतो. शेजारचा वॅटमीटर मात्र ७० वॅट म्हणतो. दोघेही खरं बोलत आहेत. मोटरमध्ये करंटची लाट व्होल्टेजच्या लाटेमागे पडते, त्यामुळे काही ऊर्जा जाऊन परत येते. ९२ हे व्होल्ट-अँपिअर, ७० हे वॅट, आणि ७० ÷ ९२ = ०.७६ हा पॉवर फॅक्टर. २३० ÷ ०.४ = ५७५ ओहम हा भागाकारही पंख्याच्या तारेचा रोध नाही; त्याला इम्पिडन्स म्हणतात. वाइंडिंगचा, म्हणजे मोटरमध्ये गुंडाळलेल्या तारेचा, रोध ओहमच्या रेंजवर मोजला तर त्याहून बराच कमी भरतो. विजेच्या बिलातल्या युनिटचा हिशेब करायचा तर वॅट घ्यायचे, तार किती जाड हवी ते बघायचं तर अँपिअर घ्यायचे.

डिमरवर किंवा स्वस्त इन्व्हर्टरवर लाट वेडीवाकडी असते. तिथे ट्रू आरएमएस लिहिलेला मीटरच वापरा, साधा मीटर बराच चुकीचा आकडा दाखवू शकतो.

मीटरही सर्किटचाच भाग

डिजिटल मीटरचा व्होल्टेजच्या रेंजवरचा स्वतःचा रोध बहुधा १० मेगाओहम असतो. १०० ओहमच्या रेझिस्टरला त्याने काही फरक पडत नाही. पण १ मेगाओहमच्या रेझिस्टरवर तो लावला की दोघांचा मिळून रोध ०.९०९ मेगाओहम होतो, म्हणजे ९ टक्के चूक आणि आकड्याकडे बघून ती कळत नाही. त्यामुळे दोन मीटर एकदम लावताना जागा विचारपूर्वक निवडायची. रोध लहान असेल तर व्होल्टेजचा मीटर थेट वस्तूच्या टोकांवर, करंटचा मीटर त्याच्या बाहेर. रोध फार मोठा असेल तर करंटचा मीटर वस्तूला लागून, आणि व्होल्टेजचा मीटर दोघांना मिळून.

अगदी लहान रोध ओहमच्या रेंजवर मोजू नये. प्रोब एकमेकांना टेकवून बघा, ०.२ ते ०.५ ओहम दिसतात, ते प्रोबच्याच तारांचे. ०.०५ ओहमचा शंट (करंट मोजण्यासाठी वापरतात तो अगदी लहान रोध) मोजायचा तर त्यातून २ अँपिअर सोडा आणि शंटच्याच टोकांवर वेगळ्या प्रोबने व्होल्टेज घ्या. १०० मिलिव्होल्ट आले की ०.१ ÷ २ = ०.०५ ओहम. करंट एका जोडीच्या तारांनी आत जातो, व्होल्टेज दुसऱ्या जोडीने मोजलं जातं, आणि त्या दुसऱ्या जोडीतून करंट जवळजवळ जातच नाही म्हणून तिचा रोध हिशेबात येत नाही. हिला चार तारांची पद्धत म्हणतात.

उत्तर लिहिताना कॅल्क्युलेटरवरचे सगळे आकडे उतरवू नका. व्होल्टेजमध्ये अर्धा टक्का आणि करंटमध्ये दोन टक्के चूक असू शकत असेल, तर रोधात आणि वॅटमध्येही अडीच टक्क्यांपर्यंत चूक असू शकते. २८.५७१४ लिहिण्यात काही अर्थ नाही, २८.६ पुरे.

सेलच्या आतला रोध

शेवटचा हिशेब अशा रोधाचा आहे की ज्याच्या टोकांवर प्रोब लावताच येत नाही. टॉर्चमधून काढलेला सेल मोकळा मोजला: १.५२ व्होल्ट. चांगला वाटतो. आता त्याला छोटा बल्ब जोडून, बल्ब पेटलेला असताना पुन्हा सेलच्याच टोकांवर मोजा: १.३४ व्होल्ट, आणि करंट ०.३ अँपिअर. मधले ०.१८ व्होल्ट सेलच्या आत पडले. ०.१८ ÷ ०.३ = ०.६ ओहम, हा सेलचा अंतर्गत रोध. सेलमध्येच ०.३ × ०.३ × ०.६, म्हणजे ५४ मिलिवॅट वाया जातात आणि बल्बला १.३४ × ०.३, म्हणजे सुमारे ४०० मिलिवॅट पोचतात.

दुसरा, जुना सेल मोकळा असताना १.४८ दाखवतो, पण ०.२ अँपिअर घेताच ०.९४ वर येतो. त्याचा अंतर्गत रोध २.७ ओहम. मोकळे व्होल्टेज बघून दोघांत फरक कळला नसता. दोन्ही आकडे पटकन, पाठोपाठ घ्यायचे, कारण लोड चालू ठेवला की सेल हळूहळू आणखी उतरतो आणि ओहमची जुनी अडचण आपल्यापुढे येते. मी मार्करने सेलच्या अंगावर तारीख आणि ओहम लिहितो. १ ओहमच्या आतले टॉर्चमध्ये जातात, त्यावरचे भिंतीवरच्या घड्याळात, कारण घड्याळ इतका थोडा करंट घेतं की तीन ओहमवरही त्याला काही कमी पडत नाही.